पाचवी चिमणी

सामान्य काळातील बारावा रविवार
यिर्मया २०:१०-१३ • रोमकरांस ५:१२-१५ • मत्तय १०:२६-३३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो. एका पैशाला दोन चिमण्या. संत लूकने हाच उपदेश आपल्या बाराव्या अध्यायात दिला आहे, पण तिथे भाव जरा वेगळा आहे : दोन पैशांना पाच. आता हिशेब करून पाहा. एका पैशाला दोन, तर दोन पैशांना चार व्हायला हव्यात. मग ही पाचवी कुठून आली? आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे कोडे चटकन सुटेल. चार घेतल्या म्हणून विकणाऱ्याने वर एक टाकली, भाजीवाली चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी वर टाकते तशी.

त्या काळी चिमणी हे गरिबाचे खाणे होते. येशूने उल्लेखलेले नाणे म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा. अशा स्वस्त पाखरांतही पाचवी फुकट गेलेली, तिला किंमतच नाही. आणि प्रभू नेमके तिच्याविषयी सांगतो की, पित्याला तिचाही विसर पडलेला नाही. पुढे तो असेही सांगतो की आपल्या डोक्यावरचे केसही पित्याने मोजून ठेवले आहेत.

म्हणजे आपला देव मोजणारा देव आहे. व्यापारीही मोजतो, पण तो विकण्यासाठी. देव मोजतो ते कोणी हरवू नये म्हणून. शंभर मेंढरांच्या दाखल्यातील मेंढपाळ आठवा. त्याने संध्याकाळी मेंढरे मोजली म्हणूनच एक कमी असल्याचे त्याला कळले. ज्याने मोजलीच नाहीत, तो शोधायला कशाला निघेल?

हा विषय आम्ही आज मुद्दाम आपल्या धर्मग्रामातील तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी घेतला आहे. दहावी-बारावीच्या निकालांचा मोसम नुकताच सरला. ज्यांना नव्वद टक्के मिळाले त्यांच्या घरी पेढे वाटले गेले. ज्यांना पंचावन्न मिळाले ती मुले नातेवाइकांचे फोन चुकवत खोलीत बसून राहिली. आपण चार हुशारांच्या हिशेबात वर टाकलेली पाचवी चिमणी आहोत, असे वाटणारी मुले प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांना आज प्रभू म्हणतो, भिऊ नका. आजच्या लहानशा उताऱ्यात हा शब्द त्याने तीन वेळा उच्चारला आहे, आणि चिमणीचा दाखला त्याने दिला तो याच भीतीवर औषध म्हणून.

पण इथे एक अडचण आहे. येशूच्या श्रोत्यांना चिमणी रोज दिसत होती. दाखला कानावर पडताच ती डोळ्यांपुढे उभी राहत असे. वसईतल्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला चिमणी ठाऊक असते ती पाठ्यपुस्तकातली किंवा फोनच्या पडद्यावरची. ज्याने चिमणी कधी नीट पाहिलीच नाही, त्याला चिमणीचा दाखला काय सांगणार? म्हणून आज आम्ही एक साधी गोष्ट सुचवणार आहोत. आपल्या मुलांनी चिमण्या मोजाव्यात. नुसत्या चिमण्या नव्हेत, तर चर्चच्या आवारात, दफनभूमीत आणि बावखलावर जे जे पाखरू दिसेल ते ओळखावे, मोजावे आणि लिहून ठेवावे.

किती होत्या?

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना कौलारू घरे आठवतात. वळचणीला चिमणीचे घरटे असे. ओटीवरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागेही असे, आणि काड्या खाली पडल्या तरी घरटे काढण्याचे पाप कोणी करीत नसे. खळ्यावर भात झोडपला की चिमण्यांचा थवा उतरे. परमेश्वराच्या वेदीपाशी चिमणीलाही घर मिळाल्याचे ८४ वे स्तोत्र सांगते, आणि आपल्या जुन्या चर्चमधल्या चिमण्यांनी ते अक्षरश: खरे करून दाखवले होते.

आता कोणी विचारले, की तेव्हा किती चिमण्या होत्या? 'खूप होत्या' यापलीकडे उत्तर देता येत नाही, कारण कोणी मोजल्या नव्हत्या. आज त्या किती कमी झाल्या? 'फार कमी झाल्या' एवढेच म्हणता येते. आठवण गोड असते, पण ती पुरावा होत नाही.

जिथे मोजदाद झाली तिथे काय दिसले, तेही पाहू या. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातील साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. ही माणसे बहुतेक करून पगारी शास्त्रज्ञ नव्हती. विद्यार्थी, शिक्षक, गृहिणी, निवृत्त मंडळी अशी साधी माणसे आपापल्या गल्लीतले पक्षी लिहून ठेवत होती. त्यातून कळले की चिमणी देशभरात एकंदरीत टिकून आहे, मात्र महानगरांत ती हळूहळू घटते आहे. म्हणजे 'चिमणी संपली' हेही खरे नाही आणि 'काही झाले नाही' हेही खरे नाही. खरे काय ते मोजणाऱ्यांमुळे समजले.

शहरात ती का घटते, याचीही कारणे साधी आहेत. काँक्रीटच्या सपाट भिंतीत आणि सरकत्या काचेच्या खिडकीत घरट्याला फट उरत नाही. दाणे खाणारी चिमणी आपल्या पिलांना पहिल्या दिवसांत किडे आणि अळ्या भरवते. अंगणाच्या जागी फरशी आली, तणावर फवारणी झाली की अळ्या जातात, आणि अळ्या गेल्या की पिले उपाशी मरतात. धान्य बंद पिशवीतून घरात येऊ लागले, त्यामुळे निवडताना-पाखडताना सांडणारा दाणाही गेला. मोबाईलच्या मनोऱ्यांवर मात्र आपण सगळे सर्रास खापर फोडतो. त्या अहवालाने सांगितले की याला ठोस पुरावा सापडलेला नाही. दहा आज्ञांतील आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. ती मनोऱ्यालाही लागू करायला हरकत नसावी!

उघडलेले खण

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत खेतवाडीला एक मुलगा राहत होता. १८९६ साली जन्मलेला. आईवडील तो अगदी लहान असतानाच वारले होते, मामाने त्याला वाढवले. हाती छऱ्याची बंदूक आली आणि दहा-बारा वर्षांच्या या पोराने एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी? मामाला सांगता येईना. पण मामाने 'जा, अभ्यास कर' म्हणून त्याला हुसकावले नाही. त्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड बसले होते. एवढा मोठा गोरा साहेब, पण त्याने त्या बुजऱ्या मुलाचे ऐकून घेतले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी, असे त्याला सांगितले. मग जतन करून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले.

तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला आणि याच जून महिन्याच्या २० तारखेला, १९८७ साली, ते निवर्तले. १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे चिमणीचे पडणे. मुस्लिम घरात वाढलेल्या या शास्त्रज्ञाच्या पुस्तकाच्या नावात आजच्या शुभवर्तमानाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. पित्याच्या इच्छेवाचून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही, असे प्रभू म्हणाला होता. त्या एका पडलेल्या चिमणीतून देवाने काय उभे केले ते पाहा.

या गोष्टीत आम्हांला सर्वांत मोलाचे वाटतात ते मिलार्डसाहेबांचे उघडलेले खण. पोरके पोर, हातात मेलेले पाखरू, आणि समोर एक मोठा माणूस जो 'मला वेळ नाही' असे म्हणत नाही. आपल्या मुलांचे प्रश्न ऐकून खण उघडणारी किती माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत?

अशी माणसे ख्रिस्तसभेत पूर्वीपासून आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. त्याला येशूसंघीय फादर ब्लॅटर यांचे नाव आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या या धर्मगुरूने आपल्या झाडांवर ग्रंथ लिहिले. १९३४ साली ते वारले. त्यांच्या मागून स्पेनचे फादर सांतापाव आले. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवर त्यांनी १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक झाले. मिस्सा अर्पण करणारे हात पानाफुलांची नोंदही तेवढ्याच भक्तिभावाने ठेवत होते.

सुगरणीने शिकवलेला धडा

आता पावसाळा सुरू झाला आहे. वाडीतल्या विहिरीवर किंवा बावखलावर झुकलेल्या माडाच्या, शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लटकू लागतील. हे खोपे बांधतो कोण? आपल्या भाषेने सारे श्रेय 'सुगरणी'ला, म्हणजे मादीला दिले आहे. सलीम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तिथल्या सुगरणींच्या वसाहतीपाशी ते तासन्‌तास बसून राहिले आणि त्यांना दिसले ते असे : खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर ती आत राहते, मग नर तो पुरा करतो. पिलांची काळजी मुख्यत: मादीवर टाकून हा गृहस्थ दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो! लग्नाच्या प्रवचनात सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ती खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर होती, आणि कोणी धीराने बसून पाहिल्यावरच ती समजली.

प्रभू येशू डोंगरावरच्या प्रवचनात रानातल्या फुलांकडे पाहायला सांगतो. संत मत्तयने तिथे वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसती नजर टाकणे असा नाही. बारकाईने पाहून शिकून घेणे, असा तो अर्थ आहे. आपण ते वचन चिंता सोडण्यासाठी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण चिंता सोडण्याचा मार्ग म्हणून प्रभूने जे काम सांगितले, ते पाहण्याचे काम बहुधा राहून जाते.

पंधरा मिनिटे

मोजायचे कसे? यासाठी मोठी साधने लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल, आणि चौघांत मिळून एखादी दुर्बीण मिळाली तर उत्तम. जागा ठरवायची आणि पंधरा मिनिटे शांत राहायचे. तारीख, वेळ, जागा आणि आपण किती जण आहोत ते आधी लिहायचे. मग दिसलेला आणि आवाजावरून ओळखलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा : साळुंकी किती, बुलबुल किती, वंचक किती, खंड्या किती. चिमण्यांत नर कोणता, मादी कोणती तेही पाहायचे. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, मादी साधी तपकिरी आणि डोळ्यामागे फिकट रेघ. पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा.

हीच नोंद फोनवरच्या ईबर्ड या मोफत सुविधेवर टाकली तर ती जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध होते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. २०१३ पासून भारतातील लोकही तीत भाग घेत आले आहेत. जूनपासून सराव केलेली आपली मुले त्या गणनेला ताठ मानेने बसू शकतील. जो फोन मुलांना घरात कोंडतो म्हणून आपण चिडतो, तोच त्यांना बावखलावर घेऊन जाईल.

या कामाचे तीन-चार नियम आहेत, आणि ते ख्रिस्तशिक्षणाच्या वर्गातही शोभतील.

पहिला : जे दिसले तेच लिहायचे. खात्री नसेल तर 'ओळखता आला नाही' असे लिहायचे. मित्राला दहा दिसले म्हणून आपण बारा लिहायचे नाहीत. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही प्रभूचीच शिकवण आहे.

दुसरा : शून्यही लिहायचे. आज एकही चिमणी दिसली नाही, तर तीही नोंद आहे. रिकाम्या जागेकडे डोळे मिटून घेतले तर काय हरवले ते कधीच कळणार नाही. रात्री आत्मपरीक्षण करताना आपण हेच तर करतो.

तिसरा : कंटाळा आला तरी जायचे. मोर रोज दिसत नाही. पन्नास आठवडे त्याच साळुंक्या मोजल्यावर एकावन्नाव्या आठवड्याला काहीतरी बदलल्याचे ध्यानात येते. जपमाळेतले मणी ज्याने निष्ठेने ओढले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चौथा : घरट्याला हात लावायचा नाही, पिले उचलायची नाहीत, फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. अनुवादाच्या पुस्तकातील २२ व्या अध्यायात वाटेवर सापडलेल्या घरट्याविषयी चक्क एक नियम आहे : पिलांवर बसलेली आई धरू नये. देवाने दिलेल्या नियमशास्त्रात एका पाखराच्या घरट्याला जागा मिळाली, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

'याला मार्क किती?'

काही पालक विचारतील, दहावीचे वर्ष आहे, हे मध्येच काय? याचे मार्क मिळणार आहेत का? आम्ही सरळ सांगतो, मिळणार नाहीत. आणि म्हणूनच ते मुलांना हवे आहे. आठवडाभर सगळे जग मुलाला मोजत असते : शाळा, क्लास, शेजारी, फोनवरचे अंगठे. आठवड्यातली पंधरा मिनिटे त्याला कोणीही मोजत नाही. तोच दुसऱ्या कोणालातरी मोजतो, आणि तेही ज्याला बाजारात काही किंमत नाही अशा पाखराला. जो मुलगा चिखलातल्या तपकिरी चिमणीकडे लक्ष द्यायला शिकतो, त्याला हळूहळू उमगते की लक्ष मिळवण्यासाठी आधी काही कमवावे लागत नाही. ती चिमणी आहे, एवढेच पुरे आहे. मग पित्याने आपल्याकडे कसे पाहिले असेल, हे त्याला प्रवचनाशिवायही कळू लागते. तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहा, हे प्रभूचे वचन त्याच्यासाठी तेव्हा भिंतीवरचे सुभाषित राहणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या परिसरातली बावखले एकेक करून बुजत आहेत. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी तुंबले, लोक घरांत अडकून पडले, तेव्हा पाणी मुरायला आणि साठायला जागा हवी हे सर्वांना पटले. पण एखादे बावखल बुजवायला निघाले की विचारले जाते, त्या डबक्यात आहे तरी काय? त्या वेळी आपल्या मुलांच्या वहीत उत्तर लिहिलेले असेल. पाणकोंबडी किती, खंड्या किती, चतुर किती, कोणत्या महिन्यात, किती वर्षे. ती वही म्हणजे न ओरडता दिलेली साक्ष असेल. अंधारात ऐकलेले उजेडात बोला, असे आजच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो, ते असेही पाळता येते.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर दृढीकरण वर्गातील आणि युवक संघातील मुलामुलींनी चर्चसमोर जमावे. तीन गट करू : एक आवारात, एक दफनभूमीत, एक बावखलावर. पावसाचे दिवस आहेत, म्हणून बावखलाच्या गटाबरोबर दोन प्रौढ असतीलच. वह्या धर्मग्राम कार्यालयात ठेवल्या जातील. आजीआजोबांनी घरी बसू नये. पाखरांची आपल्या बोलीतली नावे तुम्हांलाच ठाऊक आहेत, ती मुलांना सांगा. एदेन बागेत देवाने पशुपक्षी आदामापुढे आणले ते नावे ठेवण्यासाठी. आपल्या नातवंडांपर्यंत ती नावे पोचली नाहीत तर ती आपल्याबरोबरच दफनभूमीत जातील. आणि ज्या घरांना गॅलरी आहे त्यांनी पाण्याचे मातीचे भांडे आणि आडोशाला एखादी लाकडी पेटी टांगून ठेवावी. चिमणी आली तर लिहा. नाही आली तर तेही लिहा.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, वर टाकलेल्या पाचव्या चिमणीलाही तू विसरत नाहीस. आमच्या मुलांना पाहणारे डोळे दे आणि खरे लिहिणारा हात दे. आम्हां मोठ्यांना त्यांच्यासाठी खण उघडायला वेळ दे. ज्या मुलाला आज आपण नकोसे वाटतो, त्याला तुझ्या मोजणीत आपले नाव सापडू दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.